टंबल ड्रायरमधील तापनदोष

टंबल ड्रायर हे ओले कपडे फिरत्या ड्रममध्ये घोळवून व त्यांमधून गरम हवेचा झोत सोडून वाळवणारे घरगुती किंवा व्यावसायिक यंत्र आहे. ड्रम फिरत असूनही हवा पुरेशी तापत नसेल, मुळीच तापत नसेल, किंवा हवा तापूनही कपडे ओलसर राहत असतील, तर त्या बिघाडास सर्वसाधारणपणे तापनदोष म्हटले जाते. या यंत्राच्या दुरुस्तीसाठी येणाऱ्या तक्रारींमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. तापनतंतू जळणे हे तिचे एक कारण असले, तरी ते एकमेव नव्हे. हवेचा मार्ग तुंबणे, विद्युतपुरवठ्यात खंड पडणे, थर्मल फ्यूज वितळणे, थर्मोस्टॅट बिघडणे आणि आर्द्रता-संवेदकावर थर साचणे ही अन्य प्रमुख कारणे होत. यांतील काही कारणे परस्परांशी जोडलेली असतात. तुंबलेल्या हवामार्गामुळे फ्यूज वितळतो. मार्ग साफ न करता केवळ फ्यूज बदलल्यास तो पुन्हा वितळतो. याच कारणाने तापनदोषाचा विचार आगीच्या धोक्यापासून वेगळा करता येत नाही.

नाव व व्याप्ती

महाराष्ट्रात ‘ड्रायर’ हा शब्द बहुधा अर्धस्वयंचलित धुलाई यंत्राच्या दुसऱ्या, लहान टाकीसाठी वापरला जातो. ही टाकी कपडे वेगाने फिरवून केंद्रोत्सारी परिणामाने पाणी बाहेर फेकते. तिच्यात हवा तापवणारे कोणतेही साधन नसते. त्यामुळे तिच्यातून कपडे गार व दमट निघणे हा दोष नसून तिची स्वाभाविक मर्यादा आहे. काही धुलाई यंत्रांच्या झाकणातून किंवा बाजूने हवा आत घेऊन कपड्यांतील ओल आणखी थोडी कमी करण्याची सोय असते. तिलाही उष्णतेची जोड नसते. प्रस्तुत लेखात ‘ड्रायर’ हा शब्द तापनाची सोय असलेल्या टंबल ड्रायरसाठी आणि धुलाई-वाळवण संयुक्त यंत्राच्या वाळवण भागासाठी वापरला आहे.

इतिहास

इ.स. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशों नावाच्या गृहस्थाने छिद्रे असलेले, हाताने फिरवायचे धातूचे पिंप तयार केले. ओले कपडे त्यात भरून ते आगीवर फिरवले जात. कपड्यांना धुराचा वास लागणे व प्रसंगी ते पेटणे हे या पद्धतीचे उघड दोष होते. अमेरिकेत जॉर्ज टी. सॅम्पसन यांना शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीसाठी ७ जून १८९२ रोजी पेटंट मिळाले. नॉर्थ डकोटा राज्यातील जे. रॉस मूर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेवर व गॅसवर चालणाऱ्या ड्रमयुक्त ड्रायरचा आराखडा विकसित केला. विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यावर आधारित यंत्र १९३८ साली ‘जून डे’ या नावाने बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर अमेरिकेत हे यंत्र सर्वसामान्य घरांत पोहोचले. पुढे युरोपात बाहेर नळी काढण्याची गरज नसलेले कंडेन्सर ड्रायर आणि त्यानंतर विजेची मोठी बचत करणारे हीट पंप ड्रायर रूढ झाले.

कार्यपद्धती

ड्रायरचे काम तीन गोष्टींवर अवलंबून असते : उष्णता, वाहती हवा आणि कपड्यांची घोळवण. उष्णतेमुळे पाण्याची वाफ होते, वाहती हवा ती वाफ वाहून नेते आणि घोळवणीमुळे कपड्यांचा प्रत्येक भाग आलटूनपालटून हवेच्या संपर्कात येतो. या तिहींपैकी एकही उणे पडले, तर वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण एकच असते : ठरलेला वेळ संपूनही कपडे वाळलेले नसतात.

हवा तापवल्याने तिची सापेक्ष आर्द्रता झपाट्याने घटते. २७ अंश सेल्सिअस तापमानाची, ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली पावसाळी हवा ६५ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे १३ टक्क्यांवर येते. तीच हवा केवळ ४० अंशांपर्यंत तापली, तर सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांच्या आसपास राहते. हाताला कोमट लागणारी हवा आणि खरोखर गरम हवा यांच्या वाळवण्याच्या क्षमतेत मोठा फरक का पडतो, हे यावरून स्पष्ट होते.

पाण्याची वाफ होण्यास लागणारी उष्णताही बरीच असते. साधारण ४० अंश तापमानाला १ किलोग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या ०.६७ युनिटइतकी ऊर्जा लागते. मिनिटाला १,००० फेरे या गतीने पिळलेल्या ५ किलो सुती कपड्यांत साधारणतः ३ किलो पाणी उरते. ते घालवण्यास किमान २ युनिट ऊर्जा हवी. प्रत्यक्षात बाहेर जाणाऱ्या गरम हवेबरोबर व यंत्राच्या भिंतींतून काही उष्णता वाया जात असल्याने साध्या ड्रायरला याहून अधिक वीज लागते. हे किमान गणित धरले, तर ५,४०० वॅटच्या यंत्राला २२ मिनिटे, २,४०० वॅटच्या यंत्राला ५० मिनिटे आणि १,५०० वॅटच्या संयुक्त यंत्राला ८० मिनिटे लागतील. प्रत्यक्ष वेळ याहून जास्तच असतो. कमी क्षमतेच्या यंत्राने दोन-तीन तास घेणे हा अनेकदा बिघाड नसून त्याच्या तापनशक्तीची मर्यादा असते.

परिपथ व सुरक्षासाखळी

विजेवरील ड्रायरमध्ये निकेल-क्रोमियमसारख्या मिश्रधातूची गुंडाळलेली तार तापनतंतू म्हणून वापरतात. बोलीत तिला कॉइल किंवा एलिमेंट म्हणतात. ब्लोअर नावाचा पंखा तिच्यावरून हवा खेचून ड्रममध्ये आणतो व पुढे लिंट फिल्टरमधून बाहेर सोडतो. लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंचा मऊ चुरा.

तापनतंतूच्या परिपथात अनेक घटक एकसर जोडलेले असतात : कार्यकारी थर्मोस्टॅट, कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट, एकदाच तुटणारा थर्मल कट-ऑफ, टायमर किंवा नियंत्रक फलकावरील रिले, आणि पुष्कळ यंत्रांत मोटरीतील केंद्रोत्सारी स्विच. यांपैकी कोणताही एक घटक उघडला, की तंतूपर्यंत वीज पोहोचत नाही. मोटरीतील स्विच मोटर गती घेतल्यावरच बंद होतो. पंखा थांबलेला असताना तंतू तापत राहू नये, हा त्यामागचा हेतू असतो.

कार्यकारी थर्मोस्टॅट हवेचे तापमान ठरलेल्या पट्ट्यात राखण्यासाठी तापन वारंवार सुरू व बंद करतो. कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट तंतूजवळील तापमान प्रमाणाबाहेर गेल्यास उघडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. थर्मल फ्यूज मात्र एकदा वितळल्यावर पुन्हा जुळत नाही. तो बदलावाच लागतो. काही प्रतिमानांत हा फ्यूज केवळ तापन बंद करतो, तर काहींत मोटरही थांबवतो. त्यामुळे फ्यूज गेल्याचे लक्षण सर्व यंत्रांत सारखे नसते.

प्रकार

* बाहेर हवा सोडणारा ड्रायर : खोलीतील हवा घेऊन, तापवून, कपड्यांतून नेऊन ती नळीवाटे घराबाहेर सोडतो. उत्तर अमेरिकेत हा प्रकार सर्वाधिक आढळतो.
* गॅस ड्रायर : हवा गॅसच्या ज्योतीने तापते, ड्रम व पंखा विजेवर चालतात. ज्वलनाचे वायू बाहेर जाण्यासाठी नळी अनिवार्य असते.
* कंडेन्सर ड्रायर : ड्रममधील दमट हवा उष्णता-विनिमयकात थंड करून तिच्यातील पाणी टाकीत जमवतो व तीच हवा पुन्हा तापवतो.
* हीट पंप ड्रायर : वातानुकूलन यंत्राप्रमाणे प्रशीतक व कॉम्प्रेसर वापरून एकाच चक्रात हवा थंड करून पाणी काढतो व तीच उष्णता पुन्हा हवेला देतो. याचे कार्यतापमान तुलनेने कमी, साधारण ५० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे ड्रम फारसा गरम न लागणे हा येथे दोष मानला जात नाही.
* धुलाई-वाळवण संयुक्त यंत्र : एकाच ड्रममध्ये दोन्ही कामे करते. वाळवण्याची क्षमता धुलाईच्या क्षमतेहून कमी असते.

लक्षणांवरून वर्गीकरण

निदानाची पहिली पायरी म्हणजे हवा तापत नाही की कपडे वाळत नाहीत, हा भेद करणे. पुढील लक्षणे ढोबळ दिशा दाखवतात.

* ड्रम फिरतो, हवा पूर्णपणे थंड : विद्युतपुरवठ्याचा एक भाग खंडित, तापनतंतू तुटलेला, थर्मल कट-ऑफ वितळलेला, किंवा विनातापन कार्यक्रम निवडलेला.
* सुरुवातीस हवा गरम, नंतर दीर्घकाळ थंड : हवामार्ग तुंबल्याने कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट वारंवार उघडतो, गॅस ड्रायरमध्ये झडपेची वेटोळी तापल्यावर निकामी होतात.
* ड्रम व यंत्राचा वरचा भाग अति गरम, कपडे मात्र ओले : बाष्प बाहेर जात नाही, नळी, फिल्टर किंवा बाहेरची झडप तुंबलेली.
* हवा सतत कोमट : विद्युतदाब कमी, किंवा एकाहून अधिक तंतू असलेल्या यंत्रातील एक तंतू तुटलेला.
* यंत्र वेळेआधी थांबते, कपडे दमट : आर्द्रता-संवेदकावर थर.
* स्वयंचलित कार्यक्रम संपतच नाही : अनेक जुन्या यंत्रांत थर्मोस्टॅट तापन बंद करतो तेव्हाच टायमर पुढे सरकतो. तापनच होत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडत नाही आणि टायमर जागीच राहतो.

कारणे

हवामार्गातील अडथळा

लिंट फिल्टर, त्याखालील पोकळी, पंख्याचे घर, भिंतीपर्यंतची नळी आणि बाहेरची झडप यांपैकी कोठेही लिंट साचल्यास हवेचा प्रवाह घटतो. प्रवाह घटला, की तंतूभोवतीची हवा प्रमाणाबाहेर तापते, पण ड्रममध्ये पोहोचणारी एकूण उष्णता कमी होते. कमाल मर्यादेचा थर्मोस्टॅट वारंवार उघडू लागतो आणि तापनाचा प्रत्यक्ष काळ आक्रसतो. वापरणाऱ्याला हे ‘यंत्र तापत नाही’ असे भासते. आतील भाग मात्र गरजेपेक्षा जास्त तापलेले असतात. ही स्थिती टिकून राहिल्यास अखेरीस थर्मल फ्यूज वितळतो.

कपडे मऊ राखण्यासाठी ड्रायरमध्ये टाकल्या जाणाऱ्या सुगंधी पट्ट्यांचा मेणचट थर फिल्टरच्या जाळीवर बसतो. अशी जाळी डोळ्यांना स्वच्छ दिसते, परंतु तिच्यावर पाणी ओतल्यास ते चटकन झिरपत नाही. कोमट पाणी, साबण व मऊ ब्रशने ती धुऊन पूर्ण सुकवल्यावर बसवली जाते.

नळीची लांबी व वळणे हाही महत्त्वाचा घटक आहे. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेत ४ इंच व्यासाच्या गुळगुळीत धातूच्या नळीसाठी सर्वसाधारण कमाल लांबी ३५ फूट (सुमारे १०.७ मीटर) धरली असून प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातून ५ फूट वजा करावे लागतात. प्लास्टिकची किंवा पातळ वर्खाची चुणीदार नळी लिंट अडकवते आणि यंत्र भिंतीकडे सरकवताना चेपली जाते. सांध्यांवर आत शिरणारे स्क्रू लावल्यास त्यांच्या टोकांवर लिंटचे पुंजके धरतात.

विद्युतपुरवठा

उत्तर अमेरिकेतील विद्युत ड्रायरला २४० व्होल्टचा पुरवठा लागतो. तो प्रत्येकी १२० व्होल्टच्या दोन तारांनी मिळतो. तापनतंतू दोन्ही तारांच्या दरम्यान जोडलेला असतो, तर मोटर सामान्यतः त्यांपैकी एक तार व न्यूट्रल यांच्या दरम्यान चालते. जोड-ब्रेकरचा एक भाग निकामी झाला किंवा सॉकेटमधील एक जोड जळाला आणि मोटरीची तार शाबूत राहिली, तर ड्रम नेहमीसारखा फिरतो, दिवा लागतो, परंतु उष्णता शून्य असते. त्यामुळे यंत्र उघडण्यापूर्वी ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणे ही तेथील रूढ पहिली तपासणी आहे. भारत व युरोपातील २३० व्होल्टच्या एकाच जोडणीवर चालणाऱ्या यंत्रांत हा विशिष्ट दोष संभवत नाही.

विद्युतदाब कमी असल्यास त्याचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या तंतूला २०० व्होल्ट मिळाले, तर त्याची शक्ती सुमारे २४ टक्क्यांनी घटते. अमेरिकेतील काही बहुमजली इमारतींत २४० ऐवजी २०८ व्होल्ट मिळतात. तेथे तोच ड्रायर मूळ शक्तीच्या केवळ ७५ टक्के उष्णता देतो.

तापनतंतू

तंतू वारंवार तापून व थंड होऊन ठिसूळ होतो आणि एखाद्या बिंदूशी तुटतो. यंत्र पुरवठ्यापासून अलग करून, तंतूची एक तार सोडवून मल्टिमीटरने रोध मोजल्यास त्याची स्थिती कळते. २४० व्होल्टच्या ५,४०० वॅट तंतूचा रोध सुमारे ११ ओहम, २३० व्होल्टच्या २,४०० वॅट तंतूचा सुमारे २२ ओहम आणि १,५०० वॅट तंतूचा सुमारे ३५ ओहम असतो. मापकावर अनंत रोध दिसल्यास तंतू तुटला आहे असे समजतात.

तुटलेले टोक धातूच्या आवरणाला टेकणे ही याहून गंभीर अवस्था होय. अशा वेळी विद्युतप्रवाहाला थर्मोस्टॅट टाळून दुसरी वाट मिळू शकते आणि तापन बंद होण्याच्या वेळीही तंतू तापत राहू शकतो. म्हणून तंतूच्या दोन्ही टोकांपासून आवरणापर्यंतचा रोधही तपासला जातो. तेथे मापकाने कोणताही मार्ग दाखवणे धोक्याचे असते. भूजोडणी योग्य असलेल्या घरात अशा गळतीने आरसीसीबी खाली पडतो.

थर्मोस्टॅट व थर्मल फ्यूज

थंड स्थितीत हे सर्व घटक बंद, म्हणजे विजेला वाट देणारे असावे लागतात. त्यांचा रोध जवळपास शून्य असतो. थंड असतानाही मार्ग खुला दिसल्यास तो घटक निकामी ठरतो. काही यंत्रांत थर्मोस्टॅटऐवजी तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टर असतो. त्याचे मापन निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहावे लागते.

थर्मल फ्यूज वितळलेला आढळला, की निदान पूर्ण झाले असे मानणे ही दुरुस्तीतील सर्वांत सामान्य चूक आहे. फ्यूज स्वतःहून क्वचितच जातो; बहुधा तो तुंबलेली नळी, चिकटलेला थर्मोस्टॅट, आवरणाला टेकलेला तंतू, झिजलेले ड्रमचे सील किंवा सैल झालेला पंखा यांपैकी कशामुळे तरी जातो. फ्यूजच्या दोन तारा थेट जोडून यंत्र चालू करणे अत्यंत धोकादायक आहे. अशा जोडणीने यंत्र पुन्हा तापू लागते आणि दुरुस्ती साधल्याचा भास होतो. मात्र तापमान हाताबाहेर गेल्यास ते रोखणारा अखेरचा घटकच परिपथात उरत नाही.

आर्द्रता-संवेदक व निवडलेला कार्यक्रम

ड्रमच्या तोंडाशी असलेल्या दोन धातुपट्ट्यांवर ओला कपडा टेकला, की त्यांमधून अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो व यंत्र कपडे ओले असल्याचे समजते. पट्ट्यांवर मेणचट थर बसल्यास प्रवाह खंडित होतो आणि यंत्र कपडे वाळले असे मानून थांबते. स्पिरिटने किंचित ओलावलेल्या फडक्याने पट्ट्या पुसणे एवढाच यावर उपाय असतो. फार थोडे कपडे घातल्यासही ते पट्ट्यांना पुरेसे टेकत नाहीत.

याशिवाय, शेवटची काही मिनिटे यंत्र मुद्दाम थंड हवा फिरवते. विनातापन कार्यक्रम निवडला गेल्यास किंवा काही इलेक्ट्रॉनिक यंत्रांत दुकानातील प्रदर्शनासाठीची ‘डेमो’ स्थिती चालू राहिल्यासही उष्णता मिळत नाही.

गॅस ड्रायरमधील कारणे

गॅस ड्रायरमध्ये प्रथम प्रज्वलक तापून लालभडक होतो. पुरेशी धग मिळाल्यावर ज्योत-संवेदक प्रज्वलकाचा प्रवाह तोडतो व त्याच वेळी गॅसची झडप उघडते. हा क्रम निरीक्षणखिडकीतून पाहिल्यास दोषाचे स्थान कळते. प्रज्वलक तापतच नसेल, तर प्रज्वलक, थर्मल फ्यूज किंवा संवेदक संशयास्पद ठरतो. प्रज्वलक तापतच राहिला व ज्योत पेटली नाही, तर संवेदक अडकलेला असतो. प्रज्वलक विझला पण ज्योत आली नाही, तर झडपेची विद्युतचुंबकीय वेटोळी निकामी असतात. ज्योत पहिल्यांदा पेटून नंतर पेटेनाशी झाल्यास हीच वेटोळी तापल्यावर दगा देत असल्याचे अनुमान काढतात. गॅसचा वास आल्यास तपासणी थांबवून पुरवठा बंद करणे व जाणकार तंत्रज्ञास बोलावणे आवश्यक असते.

कंडेन्सर, हीट पंप व संयुक्त यंत्रांतील कारणे

कंडेन्सर ड्रायरमध्ये उष्णता-विनिमयकाच्या पात्यांत लिंट अडकल्यास बाष्पाचे पाणी होत नाही आणि हवा दमटच फिरत राहते. हे यंत्र लहान बंद खोलीत ठेवल्यास खोलीच तापते व विनिमयकाला थंड करण्यासाठी गार हवा उरत नाही. हीट पंप ड्रायरमध्ये बाष्पकाच्या पातळ पात्यांवरील थर हे प्रमुख कारण असते. प्रशीतकाची गळती किंवा कॉम्प्रेसरचा बिघाड असल्यास दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावी लागते. अनेक नव्या यंत्रांत प्रोपेन हा ज्वलनशील वायू प्रशीतक म्हणून असतो.

काही संयुक्त यंत्रे बाष्पाचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरतात. धुलाई संपल्यावर नळ बंद केला किंवा पाण्याचा दाब अपुरा असला, तर तापनतंतू सुस्थितीत असूनही कपडे ओले राहतात.

तपासणीचा क्रम

सोप्या व बिनखर्चिक तपासण्या आधी आणि यंत्र उघडण्याच्या तपासण्या शेवटी, हा सर्वमान्य क्रम आहे.

१. निवडलेला कार्यक्रम, तापमान व कपड्यांचे प्रमाण पाहणे. कपडे नीट पिळले गेले आहेत याची खात्री करणे.
२. फिल्टर काढून धुणे. कंडेन्सर यंत्रात विनिमयक साफ करणे व पाण्याची टाकी रिकामी करणे.
३. ब्रेकर व सॉकेट तपासणे. प्लग काळवंडला असल्यास वापर थांबवणे.
४. यंत्र चालू असताना घराबाहेरील झडप पूर्ण उघडते का व हवेचा झोत जोरकस आहे का, हे पाहणे.
५. झोत क्षीण असल्यास प्लग काढून नळी सोडवणे व आतून साफ करणे. विद्युत ड्रायर नळीविना काही मिनिटे चालवून हवा नीट तापते का, हे पाहता येते. तसे झाल्यास दोष नळीत असतो. गॅस ड्रायरवर ही चाचणी कधीही करत नाहीत, कारण कार्बन मोनॉक्साइड घरात पसरण्याचा धोका असतो.
६. पुरवठा पूर्णपणे तोडून फ्यूज, थर्मोस्टॅट व तापनतंतू यांचे मापन करणे.
७. हे सर्व घटक ठीक आढळल्यास मोटरीतील स्विच, टायमर किंवा नियंत्रक फलक तपासणे.

पहिल्या चार पायऱ्या घरातील कोणासही करता येतात. आवरण उघडावे लागणाऱ्या पायऱ्या विजेच्या कामाची माहिती असलेल्या व्यक्तीनेच कराव्या लागतात. यंत्र केवळ बटणाने बंद करणे पुरेसे नसते, प्लग काढावाच लागतो. काही यंत्रांतील धारित्रात त्यानंतरही विद्युतभार साठलेला असू शकतो.

आगीचा धोका

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात तेथील निवासी इमारतींत दरवर्षी अंदाजे २,९०० आगी ड्रायरमुळे लागल्या. त्यांत दरवर्षी सरासरी ५ मृत्यू, १०० जखमी व ३.५ कोटी डॉलरची मालमत्ताहानी झाली. यंत्राची साफसफाई न करणे हे त्यांतील आघाडीचे कारण होते. त्याचे प्रमाण ३४ टक्के होते.

ब्रिटनमध्ये २०१५ साली व्हर्लपूल कंपनीने हॉटपॉइंट, इंडेसिट आदी नाममुद्रांच्या काही ड्रायरमध्ये तापनभागावर लिंट पडून आग लागण्याचा संभव असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनमधील शेपर्ड्स बुश येथील एका बहुमजली इमारतीत लागलेल्या आगीचे मूळ अशाच एका ड्रायरमध्ये आढळले. अशी यंत्रे देखरेखीखाली वापरता येतील, हा आधीचा सल्ला बदलून २०१७ मध्ये ती वापरूच नयेत व प्लग काढून ठेवावा, असे सांगण्यात आले. २०१९ मध्ये दुरुस्त न झालेली यंत्रे परत मागवण्यात आली.

खाद्यतेल किंवा मालिशाचे तेल लागलेले कपडे धुतल्यानंतरही त्यांत तेलाचा अंश राहतो. असे कपडे गरम अवस्थेत ढीग करून ठेवल्यास तेलाच्या ऑक्सिडीकरणाने त्यांचे तापमान आपोआप वाढत जाऊन ते पेटू शकतात. म्हणून चक्राच्या शेवटचा थंड हवेचा टप्पा मध्येच थांबवू नये, अशी सूचना यंत्रांच्या पुस्तिकांत आढळते. फोम रबर असलेल्या वस्तूही ड्रायरमध्ये वाळवत नाहीत.

भारतातील परिस्थिती

भारतात वर्षाचा बराच काळ ऊन उपलब्ध असल्याने दोरीवर कपडे वाळवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. कोकण, मुंबई व गोवा येथे जून ते सप्टेंबर या काळात हवा बाष्पाने भरलेली असल्याने कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत व त्यांना कुबट वास येतो. ड्रायर व संयुक्त यंत्रांची उपयुक्तता तेव्हा प्रकर्षाने जाणवते. मात्र बाहेर हवा सोडणाऱ्या ड्रायरची नळी खिडकीबाहेर न काढता बंद खोलीतच सोडल्यास तीच दमट हवा यंत्रात पुन्हा खेचली जाते, भिंतींना ओल धरते आणि वाळवण मंदावते.

२,४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे १०.४ अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे भूजोडणीसह १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आवश्यक असतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर असे यंत्र चालवल्यास सांधे तापतात व जळतात. उत्तर अमेरिकेतून परतणारी कुटुंबे काही वेळा तेथील ड्रायर सोबत आणतात. ६० हर्ट्झसाठी बनवलेली त्याची मोटर येथील ५० हर्ट्झवर सुमारे एक-षष्ठांशाने मंद फिरते, पंख्याचा झोत त्या प्रमाणात घटतो आणि तापनदोषासारखी लक्षणे दिसू शकतात.

देखभाल

फिल्टर प्रत्येक वापरानंतर साफ केला जातो. बाहेरची नळी व झडप वर्षातून किमान एकदा, तर वापर अधिक असल्यास त्याहून लवकर साफ करणे इष्ट मानले जाते. कंडेन्सर यंत्राच्या विनिमयकाची सफाई पुस्तिकेत दिलेल्या अंतराने करतात. नळी शक्यतो आखूड, सरळ व कडक धातूची ठेवतात. वाळवण्याचा वेळ हळूहळू वाढत जाणे ही तुंबत चाललेल्या हवामार्गाची पहिली खूण असते. तिची वेळीच दखल घेतल्यास फ्यूज वितळण्याचा व पुढील धोक्याचा प्रसंग बहुधा टळतो. यंत्र चालू ठेवून घराबाहेर जाणे किंवा झोपणे टाळावे, असा सल्ला अग्निशमन यंत्रणा देतात.

हेही पाहा

* धुलाई यंत्र
* थर्मोस्टॅट
* उष्मापंप
* सापेक्ष आर्द्रता